वैमानिक कलमाडी : तळटीप

१४. ‘हवाई दलातले दिवस’ – सुरेश कलमाडी (जन्म १९४४) यांच्या आयुष्यातला हा काळ पुण्याच्या राजकारणावर लिहिणारे एका ओळीत उरकतात. तो त्याहून मोठा आहे. १९६० साली ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले. तिथे तिन्ही दलांचे छात्र एकत्र शिकतात. वैमानिकाचे पुरे प्रशिक्षण त्यानंतरचे. १९६४ मध्ये हवाई दलात रुजू झाले आणि वर्षभरातच युद्ध पेटले. वय अवघे २१! पुढे १९७१चे युद्धही त्यांनी पाहिले. अखेरची दोन वर्षे प्रबोधिनीतच प्रशिक्षक होते. १९७४ मध्ये गणवेश उतरवला, डेक्कनवर पूना कॉफी हाउस चालवले. १९७७ मध्ये पुणे युवक काँग्रेसचे अध्यक्ष, १९८२ मध्ये राज्यसभेवर.