गावातली गाडी की लाईनची?

ट्रकचा परवाना नुकताच हाती पडलेल्या पोराला पहिला प्रश्न हाच : गावातली गाडी धरावी की लाईनची? गावात पगार बेताचा, पण रात्री घरची भाकरी. लाईनवर फेरीचा भत्ता, आणि घर लांब. पूर्वी मुंबईच्या फेरीत दहिसर-मुलुंडच्या जकात नाक्यांवर रांगेतच भत्ता संपायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. फेऱ्या वाढल्या, पण रांगेत मिळणारी डुलकीही गेली! १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. लाईनवर ते तास मोजले कुणी? म्हणून आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना सांगतो, बाबांनो, पहिलं वर्ष गावातच काढा. हात बसू द्या. रस्ता कुठे पळून जात नाही.