सालममिश्रीतला कोल्हा

माझी नानी पितळी डब्यात सालममिश्री जपून ठेवायची. घरची लेक बाळंतपणाला आली की डबा फडताळातून खाली उतरायचा. शिंगासारखे कडक, पिवळसर कंद खलबत्त्यात कुटायचे आणि चिमूटभर पूड दुधात आटवायची. नावात मिश्री, म्हणून मी एकदा एक कंद चोरून तोंडात टाकला. गोडी नाहीच! नानी हसून म्हणाली, "अरे, ही खडीसाखर नव्हे. ही मिसरची, मिसर देशाची."

पुढे कवितेच्या नादाने शब्दांचा माग काढण्याची खोड लागली, तेव्हा हा डबा पुन्हा आठवला. अरबीत या कंदाचे नाव 'कोल्ह्याचे वृषण' अशा अर्थाचे आहे. कोल्हा म्हणजे 'सअलब'. त्याचे उर्दूत 'सालब' झाले आणि आपल्या बाजारात येईतो 'सालम'. तुर्कांनी त्याला 'सालेप' केले. जमिनीत जोडीने वाढणारे हे कंद पाहून ग्रीकांनीही 'ऑर्किस' असे नाव दिले होते, आणि त्याचा अर्थही वृषणच. त्यातूनच ऑर्किड हा शब्द आला. दिवाणखान्याची शोभा म्हणून आपण जिच्याकडे पाहतो ती आमरी, शतकानुशतके माणसाच्या पेल्यात होती.

आकारावरून गुण ठरवण्याच्या जुन्या रीतीने सालम शक्तिवर्धक ठरले. कंदातला चिकट पदार्थ दूध दाट करतो, हे मात्र खरे. तुर्कस्तानात हिवाळ्यात सालेपचे गरम पेय पितात. मराशचे चिवट आइस्क्रीमही त्याच्यामुळेच तसे होते. अठराव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवरही ते 'सलूप' या नावाने विकले जाई.

पण या पेल्याची किंमत कोण देते? जोडीतला एक कंद यंदाचे फूल पोसतो, दुसरा पुढच्या वर्षाची बेगमी असतो. खणणारा दोन्ही उपटतो. वाळलेल्या एक किलो सालेपसाठी हजाराहून अधिक कंद लागतात. तुर्कस्तानला रानातल्या सालेपच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. हिमालयात पंजासारख्या मुळांचा सालमपंजा असाच ओरबाडला गेला. आपल्या सह्याद्रीतला अमरकंदही औषधासाठी आणि खाण्यासाठी खणला जातो.

मग शेती का करू नये? अडचण बियांत आहे. आमरीचे बी धुळीसारखे असते. त्यात अंकुराची शिदोरीच नसते. जमिनीतली विशिष्ट बुरशी त्याला पोसते, तेव्हाच ते रुजते. हे गूढ फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी 1899 मध्ये उकलले. 1922 मध्ये अमेरिकेतल्या लुईस नडसन यांनी बुरशीशिवाय, साखर घातलेल्या अगारवर बी रुजवून दाखवले. म्हणजे शेवटी साखर कामाला आलीच!

तेव्हापासून काचेच्या बाटलीत हजारो रोपे करता येऊ लागली. सिक्कीममध्ये पाकयोंगला 1996 पासून आमरींचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. कायदेही आहेत. आमरीचे सारे कुळ 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय करारात आहे. भारत त्यात 1976 मध्ये सामील झाला. आपल्या भागातल्या आमरींची ओळख फादर सांतापाऊ आणि कापडिया यांनी 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' या 1966 च्या ग्रंथात करून दिली. ज्ञान आहे, कायदा आहे. तरी कंद रानातून येतच राहतात, कारण बाटलीतले रोप वाढवून कंद धरेपर्यंत वर्षे जातात आणि खणायला एक कुदळ पुरते. लागवडीच्या मालाला चार पैसे जास्त मिळाले, तरच ही कुदळ थांबेल.

गेल्या वर्षी सूनबाई बाळंत झाली. नानीच्या आठवणीने मी औषधी मालाच्या दुकानात गेलो. विचारले, "हे सालम लागवडीचे का?" दुकानदार हसला. "चाचा, डोंगरातला अस्सल माल आहे!" त्याच्या दृष्टीने ती हमीच होती. मी बरणीकडे पाहिले. त्या मूठभर कंदांत किती डोंगरउतारांवरची फुले होती!

रिकाम्या हाताने घरी आलो. बायकोने कपाळाला हात लावला, मग आळिवाची खीर केली. सूनबाईने ती आवडीने खाल्ली. नानीचा डबा अजून फडताळात आहे. हल्ली त्यात आळीव असते.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)