‘मिनिएचर’ : तळटीप

* मिनिएचर : लॅटिन ‘मिनियम’ म्हणजे शेंदूर. मध्ययुगीन युरोपात हस्तलिखितांतली आद्याक्षरे आणि शीर्षके शिशापासून केलेल्या या तांबड्या रंगाने रंगवत. त्या कामाला आणि पुढे पोथीतल्या चित्रालाही इटालियनमध्ये ‘मिनियातुरा’ म्हणू लागले. आकाराशी त्याचा मुळात संबंध नाही. परंतु पोथीतली चित्रे लहान असत आणि ‘मिनिमम’सारख्या लघुत्ववाचक शब्दांशी उच्चारही जुळे, त्यामुळे ‘लहान’ हा अर्थ त्याला चिकटला तो कायमचा. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये निकोलस हिलियर्डने काढलेली तळहातावर मावणारी व्यक्तिचित्रेही याच नावाने ओळखली जातात. पातळ चर्मपत्र खेळायच्या पत्त्यावर चिकटवून त्यावर ती रंगवलेली असत. आता आगगाडीच्या प्रतिकृतीपासून कुत्र्याच्या ठेंगण्या जातीपर्यंत कशालाही हे विशेषण लागते.

भारतीय चित्रांसाठी मराठीत ‘लघुचित्र’ हा प्रतिशब्द रूढ आहे. तो शब्दशः घेतल्यास घोटाळा होतो. अहमदनगरच्या निजामशाहीतील ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ची चित्रे (भारत इतिहास संशोधक मंडळ, पुणे) पोथीच्या पानात बसणारी आहेत. याउलट अकबराच्या चित्रशाळेतील ‘हम्झानामा’ची चित्रे कापडावर, सुमारे ६७ × ५० सें.मी. मापाची आहेत, तरीही दोन्ही लघुचित्रेच म्हणवतात. या पुस्तकात ‘लघुचित्र’ ही संज्ञा शैलीच्या अर्थाने घेतली असून चित्राचे माप आवश्यक तेथे कंसात दिले आहे. — संपा.