भंडाऱ्यातला 'ऱ्या' कुठे हरवला?

नागपूरहून भंडाऱ्याला जाताना, शहर येण्याआधी महामार्गावर शहापूर लागते. तिथे परिसरातल्या शिक्षकांशी संगणकाविषयी गप्पा मारायला आम्ही दोघे गेलो होतो. कार्यक्रम संपला, चहा झाला, आणि एका गुरुजींनी आपली अडचण पुढे केली. शाळेतल्या दाखल-खारिज नोंदी त्यांनी मोठ्या हौसेने संगणकावर चढवल्या होत्या. काही मुलांच्या शेऱ्यात 'भंडाऱ्याहून आला' असे लिहिलेले होते. हा शब्द शोधायला सांगितला, की संगणक काही नोंदी दाखवी, काही दाखवीत नसे. गंमत अशी, की न सापडलेली नोंद समोर पडद्यावर स्पष्ट दिसत असे. "सर, मला दिसतं ते त्याला का दिसत नाही?" असा गुरुजींचा प्रश्न होता.

दुसरी अडचण अधिक गंभीर होती. वऱ्हाडे आडनावाच्या एका मुलाचा दाखला 'वर्हाडे' असा छापून आला होता. "हे आडनाव आमचं नाही," असे म्हणत वडिलांनी तो परत केला होता. पुढे दहावीच्या अर्जावर एक आडनाव आणि दाखल्यावर दुसरे असे झाले, तर हेलपाटे त्यांनाच पडणार होते.

दोन्ही तक्रारींचे मूळ एकच होते. मात्र ते समजण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

खिळे आणि संकेत

संगणकाला अक्षर माहीत नसते, त्याला फक्त संख्या माहीत असतात. कोणत्या अक्षराला कोणती संख्या द्यायची, हा माणसांनी आपसांत ठरवलेला संकेत असतो. अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या 'आस्की' या संकेतात १२८ जागा होत्या. इंग्रजी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांना तेवढ्या पुरत होत्या.

मराठीचे तसे नाही. छापखान्यातला जुळारी शिशाचे खिळे उचलत असे, तेव्हा पूर्ण म, अर्धा म्, रफार, अनेक जोडाक्षरे यांचे वेगवेगळे खिळे त्याच्यासमोर असत. लोकमान्य टिळकांनी ही खिळ्यांची संख्या कमी करण्याचा बराच खटाटोप केला होता. पुढे आलेल्या मराठी टंकलेखन यंत्रातही मूळ कल्पना तीच राहिली. यंत्रात आकार साठवायचे आणि माणसाने ते शेजारी शेजारी ठेवायचे.

१९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत वेगळा विचार पुढे आला. आकार साठवू नयेत, वर्ण साठवावेत. आकार कसा काढायचा ते दाखवण्याच्या वेळी ठरवावे. 'क्ष' साठवताना क, हलंत आणि ष असे तीनच वर्ण साठवायचे आणि पडद्यावर यंत्राने त्यांचा 'क्ष' काढायचा. हे काम मोहन तांबे यांच्या पुढाकाराने झाले, आणि पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत ते 'जिस्ट' या नावाने वाढले. संगणकात एक जादा कार्ड बसवले, की डॉसवर चालणाऱ्या आज्ञावलीतही देवनागरी दिसू लागे. या विचारावर आधारलेला 'इस्की' हा संकेत भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली मानक म्हणून स्वीकारला.

इस्कीमध्ये आपल्या 'ऱ्य'चीही सोय होती. र आणि हलंत दिले की रफार होतो. नुक्तावाला ऱ आणि हलंत दिले की पापणीसारखा दिसणारा अर्धा र. म्हणजे 'आचार्यास' (गुरूला) आणि 'आचाऱ्यास' (स्वयंपाक्याला) यांतला फरक यंत्रालाही कळत होता.

खिळे परत आले

१९९२ साली विंडोजची ३.१ ही आवृत्ती आली आणि घरोघरच्या संगणकावर सुबक फाँट वापरता येऊ लागले. मराठी छपाईची निकड मोठी होती. तेव्हा एक सोपी युक्ती निघाली: रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे. संगणकाच्या समजुतीप्रमाणे फाइलमध्ये रोमन अक्षरेच असत, फक्त फाँटमुळे ती मराठी दिसत. श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींनी कितीतरी वर्तमानपत्रे, मासिके आणि पुस्तके छापली, हे आपण विसरता कामा नये. कागदावर छापायचे एवढाच हेतू असेल, तर युक्ती उत्तम चालली.

पण हे पुन्हा खिळेच झाले. शिवाय प्रत्येकाची खिळ्यांची पेटी वेगळी. एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर नेली आणि तो फाँट तिथे नसला, की पडद्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ उमटे. 'कि' या अक्षरात वेलांटी डावीकडे दिसते म्हणून ती क च्या आधी साठवलेली असे, तर 'धर्म' मधला रफार उजवीकडे दिसतो म्हणून म च्या नंतर. शोधणे किंवा अकारविल्हे लावणे अशा फाइलींत जवळजवळ अशक्यच होते.

एक तक्ता, तीन वाटा

जगातल्या सर्व लिप्यांसाठी एकच संकेत असावा म्हणून युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातला देवनागरीचा तक्ता १९८८ च्या इस्कीवरून घेतलेला आहे. २३०४ ते २४३१ या १२८ जागा देवनागरीच्या. 'मराठी' हा शब्द तिथे २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८ असा साठवला जातो: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी.

मात्र तक्ता तयार झाला म्हणून अक्षर पडद्यावर येत नाही. आकार जुळवणारी आज्ञावली आणि योग्य फाँट दोन्ही लागतात. विंडोज २००० मध्ये ही सोय आली आणि तिच्यासोबत 'मंगल' हा फाँट आला. त्याची रचना कवी व सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांची. २००१ च्या विंडोज एक्सपीतही ही सोय मुद्दाम सुरू करून घ्यावी लागे.

आता गुरुजींच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. युनिकोडमध्ये 'ऱ्य' तीन वाटांनी लिहिता येतो. पहिली वाट इस्कीतून आलेली: ऱ, हलंत, य. दुसऱ्या वाटेत साधा र, हलंत, मग ८२०५ क्रमांकाचे एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. तिसऱ्या वाटेत साधा र, त्याखाली सुटा नुक्ता, हलंत, य. दिसायला तिन्ही हुबेहूब सारखे, पण साठवलेल्या संख्या वेगळ्या. शोधणारी आज्ञावली आकार पाहत नाही, संख्या जुळवते. गुरुजींच्या नोंदी दोघांनी दोन प्रकारच्या कळफलकांवरून टंकल्या होत्या. म्हणून निम्म्या 'भंडाऱ्या'ला अदृश्य जोडचिन्ह चिकटले होते.

पहिली व तिसरी वाट एकच मानावी असा युनिकोडचा नियम आहे, आणि तो पाळणारी आज्ञावली त्या दोघांना एकत्र आणते. दुसऱ्या वाटेचा मात्र प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने वेगळा विचार करावा लागतो. तो न करता 'अदृश्य चिन्हे नकोत' म्हणून त्याने ती पुसून टाकली, तर 'भंडाऱ्याला'चा क्षणात 'भंडार्याला' होतो.

लक्षणावरून निदान

डॉक्टर ताप पाहून लगेच औषध देत नाही, आधी कारण शोधतो. इथेही तसेच करावे. माहिती चुकीची साठवली गेली, चुकीची वाचली गेली, की फक्त चुकीची दाखवली गेली, हे आधी ठरवावे.

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले, तर बहुधा फाँट नाही. माहिती शाबूत असते, काळजी नको. ठिपक्यांचे वर्तुळ आणि त्याला लटकलेली मात्रा दिसली, तर वर्णांचा क्रम चुकला आहे किंवा मात्रेला व्यंजन मिळालेले नाही. स्वराघातांची चिन्हे असलेली रोमन अक्षरे दिसली, तर एका संकेतात लिहिलेले दुसऱ्या संकेतात वाचले जात आहे. योग्य संकेत निवडून फाइल पुन्हा उघडावी, पण तोवर ती साठवू नये.

सर्वांत वाईट लक्षण म्हणजे ओळीने प्रश्नचिन्हे. देवनागरी न सामावणाऱ्या लहान संकेतात मजकूर कोंबला गेला आणि प्रत्येक वर्णाच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह साठवले गेले, असा बहुधा त्याचा अर्थ असतो. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये आज्ञावली लिहिणाऱ्यांना हा अनुभव नेहमी येई. त्याच्या पोटात युनिकोड होते, पण पडद्यावरच्या चौकटी जुन्या संकेतावर चालत.

कधी नावच तुटते. युनिकोड साठवण्याच्या 'यूटीएफ-८' पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो. 'स्वप्निल' मध्ये आठ वर्ण, म्हणजे २४ बाइट. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने इंग्रजीच्या हिशेबाने नावाला २० बाइटची जागा ठेवली असेल, तर सहा वर्ण बसतात आणि सातव्याचे दोन तुकडे उरतात. स्वप्निलचे 'स्वप्न' होते आणि पुढे एक निरर्थक खूण!

हजेरीपटाचा क्रमही असाच फसतो. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, तक्त्यात तो ल नंतर लगेच आहे. नुसत्या संख्यांवर क्रम लावला, तर 'काळे' हे 'कासार'च्या आधी बसतात.

दाखल्याचे काय झाले?

भंडाऱ्याचा प्रश्न सोपा होता. फाइलची एक प्रत बाजूला ठेवली आणि 'र, हलंत, जोडचिन्ह' जिथे असेल तिथे 'ऱ, हलंत' घातले. सगळ्या नोंदी सापडू लागल्या.

दाखल्याची गोष्ट तशी नव्हती. जुन्या फाँटमधली यादी कोणीतरी परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणली होती. त्या परिवर्तकाच्या यादीत पापणीच्या तुकड्यापुढे नुसते 'र, हलंत' लिहिलेले होते. पुढे ह आला, की आकार जुळवणाऱ्या आज्ञावलीने नियमाप्रमाणे रफार काढला. तिची चूक नव्हती. फरक आधीच पुसला गेला होता. "मग सगळीकडे उलट बदल करू," गुरुजी म्हणाले. पण तसे केले असते, तर 'वर्हाडे'चे 'वऱ्हाडे' झाले असते, आणि त्याबरोबर 'अर्हता'ची 'अऱ्हता' व 'सूर्यवंशी'चे 'सूऱ्यवंशी'ही. हरवलेला फरक कोणतीही आज्ञावली पुन्हा निर्माण करू शकत नाही. तो जिथे टिकून आहे, तिथूनच आणावा लागतो.

तो टिकून होता कपाटातल्या जुन्या, हाताने लिहिलेल्या दाखल-खारिज रजिस्टरात. गुरुजींनी ते काढले. रफार असलेले प्रत्येक नाव त्यांनी मोठ्याने वाचायचे आणि आम्ही संगणकावर तपासायचे, असे संध्याकाळपर्यंत चालले. वऱ्हाडेंचा दाखला दुरुस्त होऊन छापला गेला.

हा प्रयोग वर्गातही करता येईल. प्रत्येक मुलाने आपल्या नावातले वर्ण सुटे करून मोजावेत. काना, मात्रा, हलंत, अनुस्वार धरून. ज्यांच्या नावात किंवा गावात 'ऱ्य' अथवा 'ऱ्ह' आहे, त्यांनी ते संगणकावर दोन वाटांनी टंकावे आणि एकाने दुसरे सापडते का ते पाहावे. भंडारा जिल्ह्यात तर उदाहरणाला शोधाशोध नको. 'भंडाऱ्याला जातो' एवढे म्हटले तरी पुरे.