सातवा महिना आणि अठ्ठाविसावा आठवडा: माहेरच्या वाटेचा इतिहास

आजचा विषय ऐकायला विचित्र वाटेल: विमान, विमा आणि बाळंतपण. पण हा इतिहासाचाच भाग आहे, आणि मी केशोरीचा, त्यामुळे तो आमच्याच गावातून सुरू करतो. केशोरी म्हणजे गोंदिया जिल्ह्याचं, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं टोक. पुढे गेलात की गडचिरोली.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण मोडायची हिंमतही कुणी करत नाही. सातव्या महिन्यात ओटी भरायची, डोहाळजेवण करायचं आणि मुलीला घेऊन यायचं. सातवाच का? माझा अंदाज असा की सुरुवातीच्या महिन्यांतला धोका तोवर टळलेला असतो आणि शेवटचं अवघडलेपण अजून यायचं असतं. म्हणजे प्रवासाला खिडकी एवढीच. आता गंमत बघा. मराठी हिशोबातला सातवा महिना म्हणजे साधारण २६ ते ३० आठवडे. आणि जगभरच्या विमान कंपन्या डॉक्टरचा कागद कधीपासून मागतात? कुणी २८ आठवड्यांनंतर, कुणी ३२ नंतर. एकच बाळ असेल आणि सगळं ठीक असेल तर ३६ आठवड्यांच्या आसपास दार बंद, जुळी असतील तर ३२ लाच. आज्यांचा आणि एअरलाइनचा हिशोब बऱ्यापैकी जुळतो.

पण ती खिडकी कायम उघडी असायचीच असं नाही. माझी आजी सासरहून माहेरी खासरीतून आली होती. खासर म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. ती उन्हाळ्यात आली, सुखरूप पोचली. तिच्या धाकट्या बहिणीला मात्र आणायला उशीर झाला. आठवा सरत आलेला, पावसाळा लागलेला, गाढवी नदीला पाणी. गाडी अलीकडच्या काठावर थांबली ती थांबलीच. बाळही गेलं आणि तीही. आजी हे सांगताना रडायची नाही, फक्त तारीख सांगितल्यासारखं म्हणायची, ‘पानी उतरलं तवा उशीर झाला होता.’ आमच्या घरात ‘वेळेत आणा’ हा शब्द तिथून आलाय.

आता मोठ्या इतिहासाकडे येऊ. १९२९ हे वर्ष लक्षात ठेवा, कारण त्या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. एक, मुंबई इलाख्यात कामगार बायकांसाठी प्रसूती लाभ कायदा झाला. त्याच्या आदल्या वर्षी कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर या विधेयकाच्या बाजूने बोलले होते. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा काही भार मालकाने उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. दुसरी गोष्ट तिकडे पोलंडमध्ये, वॉर्सात. प्रवाशाला विमानात इजा झाली तर जबाबदार कोण, याचा आंतरराष्ट्रीय करार तिथे झाला. आपल्याकडे जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला टपालाचं विमान आणलं ते १९३२ साली. म्हणजे टाटांचं ते विमान यायच्या आधीच भरपाईचे नियम तयार होते!

त्या करारात कळीचा शब्द आहे ‘अपघात’. त्याचा अर्थ अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८५ साली, एअर फ्रान्स विरुद्ध सॅक्स या खटल्यात लावला. विमान उतरताना एका बाईला एका कानाने ऐकू येईनासं झालं, पण केबिनमधला हवेचा दाब अगदी नेहमीसारखा होता. कोर्ट म्हणालं, अपघात म्हणजे प्रवाशाच्या शरीराबाहेर घडलेली अनपेक्षित किंवा नेहमीपेक्षा वेगळी घटना. शरीराने नेहमीच्या उड्डाणाला दिलेली प्रतिक्रिया म्हणजे अपघात नव्हे. वॉर्साच्या जागी पुढे मॉन्ट्रियल करार आला, भारत त्यात २००९ साली सामील झाला, आणि ‘अपघात’ हा शब्द तिथेही टिकला. सरळ सांगायचं तर, नेहमीच्या उड्डाणात कळा सुरू झाल्या तर त्याची भरपाई एअरलाइनकडून मिळेल, ही आशा सोडा.

मग विमा? भारतात मेडिक्लेम आला १९८६ साली, चार सरकारी कंपन्यांकडून, आणि बाळंतपण त्यात बाहेर ठेवलेलं. तर्क असा की विमा अनिश्चिततेचा असतो आणि बाळंतपणाची तर तारीखच ठरलेली असते. मला हा तर्क अर्धाच पटतो. तारीख ठरलेली असते, गुंतागुंत नाही. आज वैयक्तिक पॉलिसीत बाळंतपण असलंच तर आधी प्रतीक्षा काळ असतो, कधी नऊ महिने, कधी काही वर्षं. आयटीवाल्यांच्या ग्रुप पॉलिसीत ते बहुधा असतं, ठरावीक रकमेपर्यंत. प्रवास विम्यात तर बरेचदा गर्भारपण सरळ वगळलेलं असतं, काही ठिकाणी फक्त जिवावर बेतलेली गुंतागुंत धरतात. वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाचा. जाहिरात नंतर.

विमानातल्या नोकरीचा इतिहास तर याहून कडू आहे. एअर इंडियाचा नियम होता की हवाई सुंदरीला पहिलं गर्भारपण आलं की नोकरी संपली. मुंबईच्या नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकारी कोर्टात गेल्या, आणि १९८१ साली सुप्रीम कोर्टाने तो नियम मनमानी ठरवून रद्द केला. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र कोर्टाने तेव्हा चालवून घेतली. हे वाचून मी दोनदा तपासलं.

आता ताईची गोष्ट. ताई हैदराबादला नोकरी करते. २०२४ मध्ये तिचे दिवस भरत आले, आणि प्लॅनिंग माझ्या गळ्यात, कारण घरात ‘कॉम्प्युटरवाला’ मीच. गोंदियाजवळ बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी धावपट्टी केली होती. तिथून प्रवासी विमान उडायला मार्च २०२२ उजाडलं. ती सेवा फार टिकली नाही, मग १ डिसेंबर २०२३ पासून हैदराबादचं विमान सुरू झालं. बाबा खूश: ‘तासा-दीड तासात पोरगी घरी!’

पण मला दोन आकडे खटकत होते. पहिला सुट्टीचा. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा झाली, पण तारखेच्या आधी त्यातले जास्तीत जास्त ८ घेता येतात. ४० मधून ८ गेले, राहिले ३२. म्हणजे रजा सुरू होते नेमकी त्या आठवड्यात, जिथे एअरलाइनचा कागद सुरू होतो. म्हणून ताईने दोन आठवडे घरून काम मागितलं आणि तिसाव्या आठवड्यात उडाली. कागद लागो न लागो, डॉक्टरकडून आठवडे आणि अंदाजे तारीख लिहून घेतलीच. काउंटरवर वाद घालत बसायचं नाही, एवढाच हेतू. आणि हो, आठवडे प्रवासाच्या दिवशीचे मोजतात, तिकीट काढल्याच्या दिवशीचे नाही.

दुसरा आकडा रस्त्याचा. बिरसीहून केशोरी तीनेक तास. रात्री सिझेरियनची वेळ आली तर? मी म्हटलं, ताईने गोंदियात मामाकडे राहावं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ‘माहेर म्हणजे हे घर, मामाचं नाही.’ शेवटी बाबांनी आजीच्या बहिणीची आठवण काढली आणि विषय संपला. तसं पाहिलं तर सरकारनेही हेच ओळखलंय: गडचिरोलीसारख्या भागात आरोग्य केंद्रांशेजारी ‘माहेरघर’ आहेत, तारखेच्या आधीच बाईने तिथे येऊन राहावं म्हणून.

विम्याचं म्हणाल तर, ताईच्या पॉलिसीच्या यादीत आम्ही निवडलेला दवाखाना नव्हता. पण जानेवारी २०२४ पासून यादीबाहेरही कॅशलेसची सोय आलीय, ठरलेल्या भरतीसाठी ४८ तास आधी कळवायचं. आम्ही कळवलं, मंजुरी काही वेळेत आली नाही, आधी पैसे भरले आणि नंतर बिलं पाठवून मिळवले. प्रत्येक कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

‘विमानातच झालं तर आयुष्यभर फुकट तिकीट!’ असं भाऊजी गमतीने म्हणायचे. ते खरंच घडलंय. जून २०१७ मध्ये दम्मामहून कोचीला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात बाळ जन्मलं. प्रवाशांमध्ये एक नर्स होती म्हणून निभावलं, विमान मुंबईला उतरवलं, आणि कंपनीने बाळाला जन्मभर मोफत प्रवास जाहीर केला. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीची विमानंच बंद पडली. बाळ दोन वर्षांचंही नव्हतं.

भाची गोंदियातच झाली, नॉर्मल. सव्वा महिन्याने ताई तिला घेऊन केशोरीला आली, तेव्हा आईने दारात तुकडा ओवाळून टाकला आणि मला पहिल्यांदा चहा विचारला.