ओपल: पाण्याच्या कुळातलं रत्न

पत्रिकेत शुक्र बलवान करायचा आणि हिरा परवडत नाही, तर सराफ ओपल पुढे करतो. घेणारा रत्ती विचारतो, भाव विचारतो. खडा उजेडात फिरवून बघणारे थोडेच. खरं तर बघण्यासारखं तेवढंच असतं.

ओपलसाठी प्रसिद्ध असलेल्या ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी सुमारे 11 कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्र होता. तो हटल्यावर वाळूचे आणि चिखलाचे थर उरले. ऊनपावसानं त्यांतली फेल्डस्पारसारखी खनिजं झिजली, कुजली. त्यातून सुटलेली सिलिका, म्हणजे वाळूचंच द्रव्य, पाण्यात विरघळून खाली झिरपली. भेगा, पोकळ्या, मेलेल्या शिंपल्यांचे रिकामे साचे, वाट मिळेल तिथे ते पाणी भरलं. हळूहळू ते कमी झालं आणि सिलिकेचा खळीसारखा गोळा उरला. एका सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा असा ओपल झालेला सांगाडा सिडनीच्या संग्रहालयात आहे. त्याचं नाव एरिक!

पण रंग कुठून येतात? 1964 साली मेलबर्नमधले संशोधक सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओपल पाहिला, तेव्हा आत सिलिकेच्या एकसारख्या गोळ्या दिसल्या, गडावर तोफगोळे रचावेत तशा थरावर थर. केसाच्या जाडीत अशा तीनेकशे मावतील. गोळ्यांमधल्या फटींतून प्रकाश विखुरतो आणि खडा हलवला की रंग बदलतो. लहान गोळ्या निळा-जांभळाच देतात. तांबड्यासाठी त्या मोठ्या, 300 नॅनोमीटरच्या आसपास लागतात. तशा क्वचितच जमतात, म्हणून तांबडा ओपल महाग. गोळ्या लहानमोठ्या किंवा विस्कटलेल्या असल्या तर द्रव्य तेच, पण रंगांचा खेळ नाही. खाणवाले त्याला ‘पॉच’ म्हणतात आणि बहुतेक वेळा तोच हाती लागतो.

ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडी या ओपलच्या खाणगावातल्या ओपलचा शोध तर पाण्याच्याच शोधात लागला. 1915च्या फेब्रुवारीत सोनं हुडकायला निघालेल्या टोळीतला 14 वर्षांचा विली हचिसन पाणी शोधत फिरत होता. त्याला ओपल सापडला. तिथला उन्हाळा असा, की आजही बरेच लोक जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात.

ओपलमध्ये पाणी उरतंच, साधारण 3 ते 10 टक्के. त्यामुळे काही खडे कोरड्या हवेत तडकतात. आणि विकत घेताना कडेनं बघा: वर ओपलची पातळ चकती, खाली काळा पॉच आणि मधे डिंकाची सरळ रेघ दिसली, तर तो जोडखडा आहे. अखंड ओपलच्या भावात तो घेऊ नका.