डीसीआयएम नावाचं घराणं

आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो मी कॅमेऱ्यावर काढले होते. संध्याकाळी लॅपटॉपवर त्यांतले चाळीस निवडले, जरा उजळले, ‘आत्याचं औक्षण’, ‘आत्या आणि नातवंडं’ अशी नावं दिली आणि परत कार्डावर टाकले. फोनला कार्ड रीडर लावून तिथूनच घरच्या ग्रुपवर पाठवायचे होते. फोनने कार्ड ओळखलं, पण त्यात एकही फोटो नाही असं सांगितलं. मग कार्डावर ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर केला, त्याच्या पोटात तीन आकडे नि पाच अक्षरांचा दुसरा, आणि फोटोंना ‘आयएमजी_०००१’पासून ओळीने नावं दिली. चाळीसच्या चाळीस फोटो पडद्यावर आले.

‘डीसीआयएम’ या चार इंग्रजी अक्षरांचं मूळ जपानमध्ये आहे. १९९५ साली बाजारात आलेल्या कॅसिओच्या क्यूव्ही-१० कॅमेऱ्यात ९६ फोटो मावत. पण ते कॅसिओच्या स्वतःच्या साच्यात साठत. संगणकात उतरवायचे तर खास केबल हवी आणि कंपनीचं सॉफ्टवेअरही. प्रत्येक कंपनीने अशी वेगळी चूल मांडली असती, तर एका कॅमेऱ्याचं कार्ड दुसऱ्याला कधीच वाचता आलं नसतं. म्हणून १९९८ मध्ये ‘जेईडा’ या जपानी इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने ‘डीसीएफ’ हा नियम ठरवला. कार्डावर सगळ्यात वर ‘डीसीआयएम’, म्हणजे ‘डिजिटल कॅमेरा इमेजेस’. त्याच्या आत १०० ते ९९९ मधला आकडा नि पुढे पाच अक्षरं असलेले फोल्डर. त्यांत चार अक्षरं आणि ०००१ ते ९९९९ मधला क्रमांक घेऊन बसलेले फोटो.

फोल्डर नि फोटो, दोन्हींच्या नावांत मिळून आठच अक्षरं-आकडे का? तर कार्डावरची फाइलव्यवस्था डॉसच्या काळातली, आणि तिथे नावाला आठ अक्षरांचीच जागा होती. कॅनन, निकॉन यांची इंग्रजी नावं पाच अक्षरांची, ती फोल्डरात नेमकी बसली. ऑलिंपसला मात्र शेवटची दोन अक्षरं सोडावी लागली. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. बाजारात एकमेकांशी झुंजणाऱ्या कंपन्यांनी फोटो कुठे ठेवायचा, एवढ्यापुरतं एकमत केलं आणि ते आजवर पाळलं.

फोटो नेण्याची वाट नंतर अनेकदा बदलली. २००७ मध्ये आय-फाय कंपनीने एसडी कार्डातच वायफाय बसवलं. २०१६ मध्ये निकॉनचं स्नॅपब्रिज आलं. ते ब्लूटूथवरून फोटोची दोन मेगापिक्सेलची छोटी प्रत आपोआप फोनवर धाडू लागलं. कार्डावर फोटो ठेवायची जागा मात्र हलली नाही. आयपॅडसाठी २०१० मध्ये कार्ड वाचणारं जोडयंत्र निघालं, तेही ‘डीसीआयएम’मध्येच फोटो शोधी.

आणि फोन स्वतःच कॅमेरा झाला, तेव्हा त्यानेही हेच नाव घेतलं. आयफोनने ‘१००ॲपल’ असा अगदी नियमातला फोल्डर केला. अँड्रॉइडने आतल्या फोल्डराचं नाव नुसतं ‘कॅमेरा’ ठेवलं. आकडा गळला, घराणं तेच राहिलं. आत्याच्या समारंभात भाच्याने फोनवर काढलेले फोटो त्याच्याकडून घ्यायला मी केबल जोडली, तर तेही ‘डीसीआयएम’मध्येच सापडले.